‘२०० अँपिअर’चा तयार केबल-बसबार संच: १६ सेलच्या बॅटरीपेटीसाठी कितपत भरवशाचा?

पत्र्याच्या पेटीत १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल बसवून ५१.२ व्होल्टची बॅटरी स्वतः जोडणाऱ्यांसाठी जोडणीचं सगळं सामान एका खोक्यात मिळतं. त्यात सेल जोडायच्या पट्ट्या (बसबार), लाल-काळी केबल, लग (केबलच्या टोकाला बसवायची भोकाची धातूची टोकं), १२५ अँपिअरचा ब्रेकर, नट-वॉशरची पिशवी आणि तापवल्यावर आवळणाऱ्या हीट-श्रिंक नळ्या असतात. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२०० अँपिअर’ छापलेलं असतं. हे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जात असले तरी आतला माल बराचसा सारखाच असतो. म्हणून हे परीक्षण एका नावाचं नसून या प्रकारच्या मालाचं आहे. हिशेबासाठी पेटी धरली आहे ती २८० अँपिअर-तासाच्या १६ सेलची, म्हणजे सुमारे १४.३ किलोवॉट-तासाची, आणि तिच्यावर ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर.

निकाल आधीच सांगतो. सेलमधल्या पट्ट्या बहुधा ठेवण्यासारख्या असतात. लग तपासून घ्यावेत. केबल जवळजवळ नेहमीच बदलावी लागते. ब्रेकर मुख्य संरक्षण म्हणून वापरू नये. आणि २०० हा आकडा संचातल्या कुठल्या भागाचा आहे, हे खोकं कुठेच सांगत नाही.

केबल: इथेच संच सर्वांत कमी पडतो

संचात बहुधा २५ चौरस मिमीची केबल येते. त्यामागचा हिशेब सरळ दिसतो: ५००० वॉट भागिले ५१.२ व्होल्ट, म्हणजे ९८ अँपिअर. पण इन्व्हर्टर ५ किलोवॉट बाहेर देतो तेव्हा बॅटरीकडून त्याहून जास्त घेतो, आणि बॅटरी उतरत आली की व्होल्टेजही खाली येतं. ४४ व्होल्ट आणि ९२ टक्के कार्यक्षमता धरली तर ५००० ÷ (४४ × ०.९२) म्हणजे जवळपास १२४ अँपिअर होतात. हिशेब या आकड्यावर करायचा, कारण पूर्ण भार असाच तास-दीड तास चालू राहू शकतो.

यात आणखी एक गोष्ट बहुतेक जण धरत नाहीत. एका फेजचा इन्व्हर्टर बॅटरीतून सपाट प्रवाह ओढत नाही. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात तो सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. इन्व्हर्टरच्या आत कपॅसिटर अजिबात नसते, तर उष्णतेच्या दृष्टीने मोजायचा प्रवाह सरासरीच्या १.२२ पट झाला असता आणि केबलमधली उष्णता दीडपट. कपॅसिटर हे पुष्कळ कमी करतात, पण पूर्ण पुसत नाहीत. म्हणून साध्या डीसी क्लॅम्प मीटरवर दिसणारा सरासरी आकडा हा कमीत कमी आकडा समजायचा.

आता क्रम. आधी प्रवाह, मग त्याहून वरचा फ्यूज, मग त्या फ्यूजला पुरून उरणारी केबल. १२४ अँपिअर सतत वाहणार असतील तर १.२५ ने गुणून १५५ येतात, म्हणजे १६० चा फ्यूज. केबलची क्षमता, सगळी वजावट केल्यानंतर, १६० च्या वर हवी. नाहीतर १५० अँपिअर तासन्‌तास वाहत राहतील, फ्यूज उडणार नाही आणि केबल शिजत राहील.

आयईसी ६०३६४-५-५२ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकाच्या तक्त्यात भिंतीवर मोकळ्या बसवलेल्या दोन तारांसाठी, ३० अंश सेल्सिअसला, पीव्हीसी आवरणाची २५ चौरस मिमी तांब्याची केबल ११२ अँपिअरची आहे. बॅटरीच्या बंद खोलीत ४५ अंश धरले तर ०.७९ ने गुणायचं: ८८ अँपिअर. एक्सएलपीई (पीव्हीसीपेक्षा जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) आवरण असेल तर १३८ गुणिले ०.८७, म्हणजे १२०. संचातली केबल चांगल्या आवरणाची निघाली तरी तिला १२४ पेलत नाहीत, फ्यूजचा प्रश्न पुढचाच. ३५ चौरस मिमी एक्सएलपीई १७१ वरून १४९ वर येते. भार वाहते, पण १६० च्या फ्यूजखाली बसत नाही. ५० चौरस मिमी एक्सएलपीई २०९ वरून १८२ वर येते आणि पास होते. पीव्हीसीच वापरायची झाली तर ७० चौरस मिमी लागते: २१३ वरून १६८. दोन बॅटऱ्यांच्या केबल एकाच पट्टीत आवळून बांधल्या तर आणखी ०.८ ने गुणायचं. मग ५० ची एक्सएलपीई १४६ वर येते आणि तीही नापास होते. केबल बांधताना मधे मोकळी जागा सोडा, असं सांगतात ते यासाठी.

‘पण व्होल्टेज तर पडत नाही’ हा युक्तिवाद या संचांच्या माहितीपत्रकांत हमखास असतो. तो खरा आहे, आणि म्हणूनच फसवा. दोन मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटरला, २५ चौरस मिमीमध्ये १२५ अँपिअरला ०.३९ व्होल्ट पडतात. एक टक्काही नाही. पण तेवढ्यातच ४९ वॉट उष्णता तयार होते, दर मीटरला १२ वॉट. ५० चौरस मिमीमध्ये ती निम्म्यावर येते. लांब केबलचा आकार व्होल्टेजच्या घटीवर ठरतो, आखूड केबलचा उष्णतेवर. बॅटरीची केबल जवळजवळ नेहमी आखूडच असते.

काही संचांत सिलिकॉन आवरणाची मऊ केबल असते आणि २०० चा आकडा बहुधा तिच्यावरूनच आलेला असतो. सिलिकॉन १८० अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे मोकळ्या हवेत बारीक तारेतूनही बराच प्रवाह नेता येतो. पण ती तारेची उष्णता तांब्यातून सरकत लगात, ब्रेकरच्या टोकात आणि सेलच्या टर्मिनलमध्ये उतरते. एलएफपी सेल ६० अंशांच्या आसपास थांबवायचा असतो. त्याच्या टोकाला १२० अंशांची तार स्क्रूने आवळण्यात काय अर्थ आहे? सिलिकॉन असली तरी आकार एक्सएलपीईच्या तक्त्यानेच ठरवा. वाकवायला ती फार सोयीची, हे मान्य. मात्र पत्र्याच्या कडेवर तिचं आवरण लगेच चिरतं, म्हणून भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

आकार छापलेला असतो तेवढाच आहे का, हेही बघा. एडब्ल्यूजी या अमेरिकन तारमापात ‘४ एडब्ल्यूजी’ म्हणजे २१ चौरस मिमी, २५ नव्हे. २ एडब्ल्यूजी ३३.६ आणि १/० एडब्ल्यूजी ५३.५. केबलचं टोक सोलून एका काडीचा व्यास मायक्रोमीटरने मोजा, काड्या मोजा, आणि काड्यांची संख्या × ०.७८५ × व्यासाचा वर्ग करा. ०.४ मिमीच्या २७६ काड्या म्हणजे ३४.७ चौरस मिमी, ३५ म्हणून चालतात. मग एक काडी ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम तार आहे. तिची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश, आणि लगात दाबल्यावर ती हळूहळू सैलावते. अशी केबल बॅटरीला लावायचीच नाही. वजनावरूनही कळतं: ३५ चौरस मिमीच्या एक मीटर तांब्याचं वजन आवरण सोडून ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं, मुलाम्याच्या तारेचं त्याच्या निम्म्याहूनही कमी.

सगळ्यात खात्रीची तपासणी विजेची. बेंच सप्लायमधून केबलमध्ये १० अँपिअर सोडा आणि बरोबर एक मीटर अंतरावर दोन सुया टोचून मिलिव्होल्ट मोजा. आयईसी ६०२२८ प्रमाणे पाचव्या वर्गाच्या मऊ तांब्यात २० अंशांना २५ चौरस मिमीसाठी जास्तीत जास्त ७.८, ३५ साठी ५.५ आणि ५० साठी ३.९ मिलिव्होल्ट यावेत. आकडा दीडपट आला की आवरणावरचं छापील माप विसरायचं. टोचलेला तुकडा नंतर कापून टाका.

सेलमधल्या पट्ट्या

इथे संच बऱ्यापैकी उतरतो. साधारण २० × २ मिमीची निकेलचा मुलामा दिलेली तांब्याची पट्टी, म्हणजे ४० चौरस मिमी. १२४ अँपिअरला चौरस मिमीमागे तीन अँपिअर पडतात. लांब बसबारसाठी हे जास्त झालं असतं, पण ही पट्टी जेमतेम ७० मिमी लांब. तिचा रोध ०.०३ मिलिओहमच्या आसपास आणि उष्णता अर्धा वॉट. तेवढी टर्मिनल सहज शोषतात. २०० अँपिअर सतत हवे असतील तर एकावर एक दोन पट्ट्या घाला.

पट्टी पितळेची नाही ना, हे मात्र कानशीने कड घासून बघा. पितळाची वहनक्षमता तांब्याच्या पावपटीच्या जरा वर असते, आणि मुलाम्याखाली दोन्ही सारखेच दिसतात. कड पिवळी दिसली तर पट्टी परत करा.

आकारापेक्षा घडण महत्त्वाची. एलएफपी सेल भरताना-उतरताना किंचित फुगतो-आकसतो. ताठ पट्टीला गोल भोकं असतील तर ही सगळी ओढ टर्मिनलच्या मुळावर येते. मधे उभार दिलेली किंवा पातळ पापुद्र्यांची लवचिक पट्टी, निदान एका बाजूला लांबट भोक असलेली, अशीच घ्यावी. ताठ पट्ट्यांचा संच मिळाला आणि सेल दाबपट्ट्यांनी नीट कसलेले नसले तर त्या वापरू नका.

सांधे: ज्यांना कुठलाच फ्यूज वाचवत नाही

१६ सेलमध्ये १५ पट्ट्या, म्हणजे ३० सांधे, शिवाय दोन टोकं. केबल कमी पडली तर निदान फ्यूज लहान करून तिला वाचवता येतं. सैल सांध्याला तशी सोय नाही. सांध्याचा रोध ०.५ मिलिओहम झाला तर १२४ अँपिअरला तिथे साडेसात वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत साठते. प्रवाह १२४ च राहतो, फ्यूजला काही कळत नाही, ब्रेकरला काही कळत नाही. टर्मिनल तापतं, ॲल्युमिनियम सैलावतं, रोध आणखी वाढतो. बॅटरीपेटीत सगळ्यात आधी शंका घ्यायची ती अशा सांध्यावर, आणि संचातल्या पत्रकात त्याबद्दल बहुधा एवढंच असतं: ‘घट्ट आवळा’.

घट्ट म्हणजे किती? २८० अँपिअर-तासाच्या सेलला सामान्यतः एम-६ चं (६ मिमी आट्यांचं) टोक असतं, तेही ॲल्युमिनियममध्ये बसवलेलं. त्याला ४ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा सेलच्या माहितीपत्रकातला घ्यायचा. साध्या पान्याने हाताच्या अंदाजाने आवळलं की १० च्या वर कधी गेलं ते कळत नाही आणि आटे निघतात. आटे गेले की सेलच वाया. लहान मापाचा टॉर्क रेंच हा या कामातला चैनीचा भाग नाही.

आवळण्याआधी टर्मिनलचा पृष्ठभाग स्कॉचब्राइटने घासा, स्पिरिटने पुसा आणि लगेच पट्टी बसवा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर मिनिटांत परत येतो आणि तो वीज वाहत नाही. ऑक्साइडरोधक मलम लावायचं तर बोटाने पुसून उरेल इतकंच. त्याचं काम हवा आत येऊ न देणं आहे, प्रवाह नेणं नाही.

रचनेचा क्रम: टर्मिनल, त्यावर थेट पट्टी, पट्टीवर लग, मग बीएमएसच्या (सेलवर देखरेख ठेवणाऱ्या सर्किटच्या) तारेचं छोटं कडं, साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. पट्टी आणि टर्मिनल यांच्या मधे काहीही येता कामा नये. संचात स्टेनलेसचे वॉशर भरपूर दिलेले असतात आणि चित्र अस्पष्ट असतं, त्यामुळे एक वॉशर खाली घालण्याची चूक सहज होते. स्टेनलेसचा रोध तांब्याच्या सुमारे ४० पट आहे. बीएमएसचं पातळ कडं लगाखाली दबलं तरी तेच दुखणं.

तपासणी सोपी आहे. ५० किंवा १०० अँपिअरचा स्थिर भार लावा, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि एका सेलच्या टर्मिनलपासून शेजारच्या सेलच्या टर्मिनलपर्यंत मोजा. सुया पट्टीवर किंवा नटावर नको, टर्मिनलच्या धातूवरच टेकवा. १०० अँपिअरला चांगल्या जोडणीत पाच-सात मिलिव्होल्ट येतात. पंधराही आकडे लिहून ठेवा. बाकीच्यांच्या दुप्पट येणारी जोडणी उघडून पुन्हा घासायची, नुसती जास्त आवळायची नाही.

लग आणि क्रिंप

लगांत दोन उणिवा असतात. एक, भोक एम-८ चं आणि टोक एम-६ चं, म्हणजे नटाखाली पकड कमी. दुसरी, नळी पातळ. मऊ केबलचा जुडगा ताठ केबलपेक्षा जाड होतो, त्यामुळे ती ३५ च्या लगात जात नाही आणि लोक चार-सहा काड्या कापून बसवतात. असं कधीच करू नका. मऊ तारेसाठी वेगळ्या मापाचे लग मिळतात, ते घ्या. क्रिंप (लगाची नळी केबलवर दाबून बसवणं) हायड्रॉलिक किंवा लांब दांड्याच्या षटकोनी डायनेच करायचा, आणि डायचा क्रमांक लगाशी जुळवायचा. हातोडीने ठोकायचं हत्यार काही संचांत दिलेलं असतं. ते बाजूला ठेवा. दाबल्यावर लग कापून बघितला तर आत काड्या वेगळ्या ओळखू येऊ नयेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एकसंध छेद दिसावा. एक-दोन लग या परीक्षेसाठी खर्ची घाला. क्रिंपऐवजी नुसतं डाख देणं चालणार नाही: सांधा तापला की डाख मऊ होतो आणि तार निसटते.

ब्रेकर आणि फ्यूज: संचातला धोकादायक भाग

केबल कमी पडली तर ती तापते आणि निदान वास येतो. चुकीचा ब्रेकर संकटाच्या क्षणी निकामी ठरतो. आधी शॉर्टचा प्रवाह काढू. अशा एका सेलचा अंतर्गत रोध ०.२ मिलिओहमच्या आसपास असतो. १६ सेलचे ३.२, पट्ट्या-सांधे-केबल धरून सहा म्हणू. ५३ व्होल्ट भागिले सहा मिलिओहम म्हणजे ८,८०० अँपिअर. संचातल्या छोट्या ब्रेकरवर चौकटीत ‘६०००’ असतं, आणि तो आकडा पुष्कळदा एसीचा असतो. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. डीसीत तो शून्यावर येत नाही. ठिणगी तशीच जळत राहते.

खऱ्या डीसी ब्रेकरमध्येही एक गफलत आहे. ज्याच्या टोकांवर अधिक-उणे खुणा आहेत तो एकदिशी आहे. त्याच्या आतलं चुंबक ठिणगीला जाळीकडे ढकलतं, पण प्रवाह उलटा आला की जाळीपासून दूर ढकलतं. सौर पॅनलला असा ब्रेकर चालतो. बॅटरीत प्रवाह भरताना एकीकडे, उतरताना दुसरीकडे. तिला एकदिशी ब्रेकर चालत नाही, कितीही अँपिअरचा असो. संचात खुणा असलेला ब्रेकर निघाला तर तो पॅनलच्या बाजूला वापरा.

फ्यूज आलाच तर बहुधा मेगा किंवा एएनएल प्रकारचा असतो. साधे मेगा फ्यूज ३२ व्होल्टचे आणि सुमारे २,००० अँपिअर तोडण्याच्या क्षमतेचे. ५८ व्होल्टच्या या बॅटरीला ते मुख्य फ्यूज म्हणून अपुरे आहेत. वरच्या हिशेबाला पुरेल असा फ्यूज म्हणजे क्लास-टी, ज्याची डीसीत तोडण्याची क्षमता २०,००० अँपिअर असते. तो धन टोकापासून शक्य तितका जवळ बसवा. टोक आणि फ्यूज यांमधला तुकडा कशानेच संरक्षित नसतो, म्हणून तो आखूड ठेवा आणि वरून दुसरी नळी चढवा. ब्रेकर त्याच्या मागे, बंद-चालू करण्यापुरता ठेवा.

बीएमएसच्या बारीक तारांबद्दल संच गप्प असतो. त्या २२ एडब्ल्यूजीच्या, म्हणजे ०.३३ चौरस मिमीच्या, आणि थेट सेलवर बसतात. पत्र्याला घासून दोन तारा एकमेकींना लागल्या तर क्षणात लालभडक होतात. त्या मुख्य केबलपासून वेगळ्या न्या, जाळीच्या नळीत घाला आणि शक्य तर प्रत्येकीला टर्मिनलजवळच छोटा फ्यूज लावा.

एकाहून जास्त पेट्या

हा संच एका पेटीपुरताच आहे. तीन-चार पेट्या समांतर जोडायच्या तर वेगळा बसबार हवा. ३० × ५ मिमीची उघडी तांब्याची पट्टी जर्मन डीआयएन ४३६७१ च्या तक्त्यात ३७९ अँपिअरची आहे, रंगवलेली ४४७ ची. गडद रंगाची पट्टी उष्णता जास्त बाहेर टाकते, म्हणून हा फरक. बंद पेटीत दोन्ही आकडे खाली येतात. प्रत्येक पेटीची केबल सारख्याच लांबीची ठेवा, जवळच्या पेटीची उरली तरी कापू नका. इन्व्हर्टरचं धन धन-बसबारच्या एका टोकाला आणि ऋण ऋण-बसबारच्या विरुद्ध बाजूच्या टोकाला जोडा, नाहीतर पहिली पेटी कायम जास्त राबते. क्लास-टी फ्यूज प्रत्येक पेटीला स्वतंत्र हवा, कारण एका पेटीत शॉर्ट झाला की उरलेल्या सगळ्या तिच्यात प्रवाह ओततात.

हीट-श्रिंक, रंगीत टोप्या आणि लेबलं ठीक आहेत. नळी लगाच्या सपाट भागावर येऊ देऊ नका, एवढंच.

संच घ्यायचाच असेल तर केबलशिवाय मिळतो का ते विचारा. पट्ट्या आणि वॉशर त्यातले घ्या. ५० चौरस मिमीची एक्सएलपीई मऊ केबल, तिच्या मापाचे जाड लग, १६० अँपिअरच्या आसपासचा क्लास-टी फ्यूज धारकासकट आणि दोन्ही दिशांना चालणारा डीसी ब्रेकर वेगळा आणा. जोडणीनंतर दहा-बारा चक्रं झाली की तोच भार लावून पंधराही जोडण्यांचे मिलिव्होल्ट पुन्हा मोजा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. जो वाढलेला दिसेल तेवढाच सांधा उघडा, बाकीच्यांना पाना लावू नका.